ब्लॅककरंटला पाला उदंड, फळ मात्र वाटीभर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: इंग्लंडात रेडिंगला तीन वर्षांपूर्वी घर घेतलंत, मागच्या अंगणात आधीच्या मालकांनी लावलेली ब्लॅककरंटची, म्हणजे त्या काळ्या आंबट मण्यांची, तीन झुडपं आहेत. दर नोव्हेंबरला हेजकटरने, म्हणजे कुंपण छाटायच्या यंत्राने, ती कमरेएवढी गोल छाटता, उन्हाळ्यात टोमॅटोचं खत देता. पाला मरणाचा येतो, फळ मात्र तिन्ही मिळून वाटीभर. त्या वाटीभराचा जॅम केलात तर सालं चामड्यासारखी झाली. आता खत कोणतं द्यावं, की झुडपं काढून तिथे पॅटिओ, म्हणजे फरसबंद अंगण, करावा, आणि पुण्याची आई गच्चीवर लावायला फांदी मागते आहे ती पाठवावी का?

काढू नका. निदान या हिवाळ्यात तरी नाही. तुम्ही खत कोणतं द्यावं असं विचारलंय, पण पाला उदंड येतोय म्हणजे झाड उपाशी नाही. झालंय असं की जुलैत जी फळं यायची, ती तुम्ही आदल्या नोव्हेंबरातच कापून बागेच्या कचऱ्याच्या डब्यात टाकताय. तीन वर्षं.

फोटो न बघता इतकं ठासून बोलणं बरं नव्हे, हे कबूल. फळ न येण्याची आणखी तीन-चार कारणं असू शकतात आणि त्यातलं एक खरोखर झाड काढायला लावणारं आहे. त्याकडे येतेच. पण हेजकटर म्हटलंत तिथेच मला माझी स्वतःची पहिली दोन वर्षं आठवली.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. वडिलांची दोन एकर थॉमसन द्राक्षांची बाग. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, हे आमच्या घरात दसरा-दिवाळीइतकं पक्कं. एप्रिलात ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, एकेक डोळा, म्हणजे फुटीची गाठ, राखून सगळं खरडायचं, त्यातून काड्या वाढवायच्या, ऑक्टोबरात त्या काड्या मोजक्या डोळ्यांवर कापायच्या आणि येणाऱ्या फुटीवर घड मोजायचे. हे बघत मोठी झालेली मी, १९९६ साली लेस्टरला आम्हाला अलॉटमेंट, म्हणजे भाजीपाला लावायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा, मिळाली तेव्हा कात्री घेऊन मोठ्या ऐटीत उतरले. १० पोलचा तुकडा, म्हणजे अंदाजे २५० चौरस मीटर, आणि कडेला ब्लॅककरंटची चार म्हातारी झुडपं. काडी ती काडी, असं म्हणून प्रत्येक काडी पाच डोळ्यांवर नेटकी कापली. वडिलांना दाखवली असती तर पाठ थोपटली असती. जुलैत चारही झुडपांची मिळून एक पातेली भरली नाही. दुसऱ्या वर्षी खत वाढवलं, तर पाला छातीला लागला आणि फळ तेवढंच.

शेजारच्या तुकड्यावर एक पोलिश आजोबा असत. पोलंड हा ब्लॅककरंट पिकवणाऱ्या मोठ्या देशांपैकी एक, त्यामुळे आमच्याकडे आंब्याबद्दल जसं प्रत्येकाला मत असतं तसं त्यांना याबद्दल होतं. त्यांचं इंग्रजी माझ्याहून कच्चं. त्यांनी माझ्या हातातली कात्री काढून घेतली, एका काडीच्या शेंड्याकडे बोट दाखवून ‘नो’ म्हणाले, मग खाली वाकून बुंध्याकडे बोट दाखवलं आणि ‘यस’ म्हणाले. संपला वर्ग.

पुढे पुस्तकं वाचली, पण त्या दोन शब्दांत सगळं आलेलं होतं. कारण समजून घ्या, म्हणजे नियम पाठ करावा लागणार नाही. ब्लॅककरंट मुख्यतः गेल्या उन्हाळ्यात वाढलेल्या काडीवर फळतं. उन्हाळा सरताना त्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या वर्षीची फुलं तयार होऊन बसतात आणि एप्रिलात बाहेर येतात. द्राक्षात एका डोळ्याच्या फुटीवर पाव-अर्धा किलोचा घड लागतो, म्हणून मोजके डोळे ठेवून भागतं, उलट जास्त ठेवले तर माल बारीक पडतो. इथे एका डोळ्यातून आठ-दहा मण्यांचा झुपका, मणी वाटाण्याएवढा. तेव्हा सगळी काडी हवी, शेंड्यापर्यंत. त्यातून बुडाकडचे डोळे बरेचदा नुसत्या पाल्याचे असतात, फुलांचे डोळे मधल्या आणि वरच्या भागात जास्त. तुमचा हेजकटर नेमका तोच भाग उडवतो. झाड मग वसंतात चवताळून कापलेल्या टोकांजवळ झुबकेदार फूट काढतं, झुडूप गोल आणि हिरवंगार दिसतं, आतून काळोख, आणि बुंध्यातून नवा धुमारा येतच नाही.

म्हणून: ब्लॅककरंटची काडी कापायची ती बुंध्यापाशी. शेंड्याला कात्री लावायची नाही.

आता तपासणी. तुम्ही जानेवारीत विचारलंत हे फार बरं केलंत, कारण पानं नसताना जे दिसतं ते नंतर दिसत नाही. येत्या रविवारी कोरडी हवा असेल तर बाहेर जा आणि डोळे नीट बघा. निरोगी डोळा निमुळता, टोकदार, साधारण गव्हाच्या दाण्यासारखा असतो. काही डोळे फुगून गोल, हिरव्या हरभऱ्यासारखे किंवा मटारासारखे झालेले दिसले, तर आत नुसत्या नजरेला न दिसणारे शेकडो कोळी, म्हणजे अतिसूक्ष्म कीड, बसलेले आहेत असं समजा. इथले लोक या दुखण्याला ‘बिग बड’ म्हणतात. तो डोळा फुलत नाही, वाळून जातो. चार-पाचच असतील तर नखाने खुडून कचऱ्याच्या डब्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. घरगुती बागेत फवारायला यावर औषध नाही.

पण खरी भीती त्या कोळ्याची नाही, तो सोबत आणतो त्या विषाणूची आहे. याला ‘रिव्हर्जन’ म्हणतात. हे झालेलं झाड वरून ठणठणीत दिसतं, पाला भरपूर, आणि फळ वर्षागणिक कमी होत शून्यावर येतं. म्हणजे लक्षण अगदी तुमच्यासारखंच! फरक ओळखायचा तो फुलांवरून आणि पानांवरून. एप्रिलात निरोगी फुलांवर बारीक राखाडी लव असते आणि ती मळकट दिसतात, रोगट फुलं गुळगुळीत आणि जास्त रंगीत. जूनमध्ये पूर्ण वाढलेलं पान घ्या, मधल्या पाळीच्या मुख्य शिरेच्या एका बाजूला ठळक उपशिरा मोजा. पाच किंवा जास्त असतील तर बहुधा ठीक. सगळ्या झुडपावर सातत्याने पाचाहून कमी भरल्या, पानंही साधी, कमी दातेरी दिसली, तर संशय धरा. एकट्या पानावर निकाल देऊ नका, डोळे, फुलं आणि पानं तिन्ही जुळू देत. जुळली तर मात्र दया नको. मुळासकट उपटून टाका, त्या जागी पुन्हा ब्लॅककरंट लावू नका, आणि नवं रोप प्रमाणित रोपवाटिकेतूनच आणा. मी स्वतः २००९ मध्ये एका झुडपावर माया केली, पुढच्या दोन वर्षांत शेजारची दोन गेली.

बाकीची कारणं पटकन. दिवसभर कुंपणाच्या सावलीत असेल तर फळ येतं, पण कमी आणि जास्त आंबट. एप्रिलात फुलं असताना पहाटे दंव पडलं तर फुलं जळतात आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही, कारण पाल्याला काही होत नाही. तुमचं अंगण उताराच्या तळाशी असेल तर थंड हवा तिथेच साठते. अशा रात्री झुडपावर पांघरूण घालायचं, सकाळी काढायचं, नाहीतर मधमाश्या आत जाणार कशा. दुकानात यासाठी फ्लीस नावाचं पांढरं हलकं कापड मिळतं. मी वर्षानुवर्षं जुनी सोलापुरी चादर वापरते, चार बांबू रोवून त्यावर, म्हणजे ओझं फुलांवर येत नाही. एकदा पहाटे फिरायला निघालेल्या बाईंनी कुणी झोपलंय का म्हणून हाक मारली होती. परागणासाठी दुसरं झुडूप लागत नाही, एकटंही फळतं.

समजा डोळे चांगले निघाले. तर फेब्रुवारी संपायच्या आत असं करा.

हेजकटर गॅरेजमध्ये ठेवा. लांब दांड्याची कात्री आणि जाड फांद्यांसाठी छोटी करवत पुरे. झुडपाशेजारी गुडघे टेकून बसा आणि वरून नव्हे, खालून बघा. तीन रंग दिसतील. गेल्या उन्हाळ्याची काडी फिकट, गव्हाळ, सरळ, गुळगुळीत. त्याआधीची करड्या रंगाची, आडव्या फुटी असलेली. आणि जुनी फांदी काळपट, खरखरीत, कधी शेवाळ धरलेली. ही काळी खोडं तुमचा शत्रू नाहीत, पण जागा आणि उजेड तीच खातात. नेहमीच्या, सुस्थितीतल्या झुडपात दर हिवाळ्यात या जुन्या फांद्यांतला साधारण एक तृतीयांश भाग जमिनीलगत कापायचा. जमिनीवर लोळणाऱ्या, मोडक्या, एकमेकींत गुंतलेल्या फांद्याही. उरलेल्यांना हात लावायचा नाही. तीन वर्षांत सगळं झुडूप नवं होतं आणि दरवर्षी फळही मिळतं.

तुमची झुडपं मात्र सुस्थितीतली नाहीत, त्यांना बहुधा गव्हाळ काडी नावालाच असेल. मी तुमच्या जागी असते तर तिन्हींना वेगळा न्याय लावला असता. जे सर्वांत म्हातारं आणि गच्च असेल ते सरसकट जमिनीपासून तीन-चार सेंटिमीटरवर कापून टाका. होय, सगळं. तुमची खरड छाटणीच समजा. यंदा त्याला फळ शून्य, पण उन्हाळाभर बुंध्यातून सणसणीत काड्या येतील आणि त्या पुढच्या जुलैत लगडतील. उरलेल्या दोघांच्या फक्त जुन्या काळ्या फांद्यांपैकी एक तृतीयांश काढा. पुढच्या हिवाळ्यात कसं वाटतं ते बघून दुसरं जमिनीलगत घ्या. तिन्ही एकदम खरडलीत तर घरातले लोक वर्षभर टोमणे मारतील, हा माझा अनुभव आहे. पंधरा-वीस वर्षांहून जुनं झुडूप कधीकधी खरडल्यावर उठत नाही. उठलं नाही तर त्याचं आयुष्य तसंही संपत आलेलं होतं.

आणखी एक युक्ती, जी मी आता हिवाळ्यातल्या छाटणीऐवजीच वापरते. जुलैत फळ पिकल्यावर ज्या जुन्या फांद्या काढायच्या असतील त्या फळांसकट बुंध्यापाशी कापायच्या आणि खुर्चीत बसून, चहा शेजारी ठेवून फळं तोडायची. कंबर वाचते, आणि नव्या काड्यांना राहिलेला उन्हाळाभर ऊन मिळतं.

खताबद्दल. टोमॅटोच्या खतात पोटॅश जास्त, नत्र कमी. ब्लॅककरंट नत्राचा भुकेला आहे, कारण दरवर्षी त्याने नवी काडी वाढवावी अशी आपली अपेक्षा असते. मार्चमध्ये झुडपाभोवती कोंबडीखताच्या गोळ्या दोन-तीन मुठी आणि वर चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट चार बोटं जाड, खोडाला न चिकटवता. मुळं वरच्या थरात असतात, म्हणून खुरप्याने खोल ढवळू नका, तण हातानेच उपटा. मे-जूनमध्ये मणी भरताना पाऊस नसेल तर आठवड्याला एकदा भरपूर पाणी. लेस्टरची आमची माती इतकी चिकण की पावसाळी दिवसात बूट मातीतच राहतो आणि पाय बाहेर येतो. रास्पबेरीने तिथे जीव सोडला, ब्लॅककरंट मजेत आहे.

एखादं झुडूप गेलंच आणि नवं लावायचं झालं तर हिवाळ्यात मोकळ्या मुळांचं रोप स्वस्त मिळतं. नर्सरीत मातीची खूण खोडावर जिथे असते त्याच्यापेक्षा पाच सेंटिमीटर खोल लावा, म्हणजे धुमारे जमिनीखालून येतात. दोन झुडपांत दीड मीटर. आणि लावल्यावर सगळ्या काड्या जमिनीपासून दोन डोळ्यांवर कापा. पैसे देऊन आणलेलं रोप कापताना हात थरथरतो, पण पहिल्या वर्षाच्या मूठभर फळांच्या मोहात पडलात तर झुडूप कायमचं किडकिडीत राहतं. जातींची नावं बहुतेक ‘बेन’ने सुरू होतील. स्कॉटलंडमध्ये डंडीजवळ इन्व्हरगाउरीच्या संशोधन केंद्रात, म्हणजे आताच्या जेम्स हटन इन्स्टिट्यूटमध्ये, या जाती तयार झाल्या आणि त्यांतल्या बऱ्याच जातींना तिथल्या डोंगरांची नावं दिली. बेन म्हणजे डोंगर. आपल्याकडे द्राक्षांत सोनाका आणि तास-ए-गणेश, त्यांच्याकडे बेन लोमंड आणि बेन सारेक. छोट्या अंगणाला बेन सारेक किंवा बेन कॉनन आटोपशीर. दंवाची भीती असेल तर बेन लोमंड, तो उशिरा फुलतो. बिग बडचा त्रास झालेला असेल तर बेन होप, तो त्या कोळ्याला दाद देत नाही. नुसतं तोंडात टाकायला हवं असेल तर बिग बेन, मणी मोठा आणि त्यातल्या त्यात गोड. ‘त्यातल्या त्यात’ हे लक्षात ठेवा.

फुकटचं रोपही करता येतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेन्सिलीएवढी जाड गव्हाळ काडी, २०-२५ सेंटिमीटर, एकही डोळा न खुडता, दोन डोळे वर राहतील अशी मातीत खोचून द्यायची. दहातल्या आठ-नऊ लागतात. मात्र निरोगी झुडपाचीच.

तर इथवरचं थोडक्यात: रविवारी डोळे बघा, फुगलेले खुडा. एक झुडूप जमिनीलगत, दोन एक तृतीयांश. मार्चमध्ये नत्र आणि शेणखत. एप्रिलात फुलं आणि दंवावर लक्ष. जूनमध्ये पानांच्या शिरा. पॅटिओचा निर्णय पुढच्या वर्षीच्या जुलैनंतर.

जून संपता संपता जाळी टाका, नाहीतर ब्लॅकबर्ड पक्षी तुमच्या आधी सुगी उरकतात. जाळी ताणून, खाली घट्ट बांधा, सैल जाळीत पक्षी अडकून मरतात. मणी काळा झाला म्हणजे पिकला असं नाही. काळा झाल्यावर आठवडाभर थांबा, मग तो किंचित मऊ होतो आणि साखर येते. नव्या जातींचे मणी बरेचसे एकदम पिकतात, अख्खा झुपका देठासकट तोडायचा. जुन्या जातींचे वरचे मणी आधी पिकतात, ते एकेक वेचावे लागतात. भरात आलेलं चांगलं झुडूप चार-साडेचार किलो देतं. म्हणजे तुमच्या तिघांकडून बारा-तेरा किलोपर्यंत येऊ शकतात, तेव्हा फ्रीझरमध्ये जागा करून ठेवा. झुपके देठासकटच गोठवायचे आणि गोठल्यावर डबा जोरात हलवायचा, मणी आपोआप गळून पडतात. हे कळायच्या आधी मी आणि सासूबाई काट्याने देठं काढत रात्री अकरापर्यंत बसायचो.

आता तुमचा चामड्याचा जॅम. तुम्ही साखरांब्यासारखं फळ आणि साखर एकत्र चढवलंत ना? आपल्या हाताला तीच सवय. ब्लॅककरंटच्या सालीला शिजायच्या आधी साखर लागली की ती जी आखडते ती आखडते, मग तासभर उकळा, मऊ होत नाही. म्हणून एक किलो फळ, ९०० मिलिलिटर पाणी, साखर अजिबात नाही, मंद आचेवर अर्धा-पाऊण तास. एक साल बोटांच्या चिमटीत दाबून बघा, सहज पिचली पाहिजे. मगच दीड किलो साखर, विरघळेपर्यंत ढवळायचं, नंतर आच मोठी. या फळात पेक्टिन, म्हणजे जॅमला घट्टपणा आणणारा घटक, आणि आम्लता दोन्ही भरपूर, त्यामुळे पाच-दहा मिनिटांतच जॅम धरतो. फ्रिजमध्ये गार केलेल्या बशीवर थेंब टाका, बोटाने ढकलल्यावर सुरकुती पडली की उतरवा. थर्मामीटर असेल तर १०५ अंश. पुढे उकळत ठेवलंत तर बरणीतून सुरीने कापून काढावा लागेल.

सरबत जास्त खपतं. एक किलो फळ ३०० मिलिलिटर पाण्यात फुटेपर्यंत, दहाएक मिनिटं शिजवायचं, पंच्यात बांधून रात्रभर टांगायचं, चक्का टांगतो तसं, आणि निघालेल्या रसाच्या दर लिटरला ७०० ग्रॅम साखर. साखर विरघळण्यापुरतंच गरम करा. एकदा मी ‘टिकेल’ म्हणून खळखळून उकळलं आणि बाटलीत जेली झाली, पाहुण्यांसमोर बाटली उलटी धरून चमच्याने काढली. फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे, त्याहून जास्त टिकवायचं तर फ्रीझर. उन्हाळ्यात थंड पाण्यात, चिमूटभर मीठ आणि भाजलेलं जिरं घालून, कोकमाच्या सरबताला दुरून शोभणारी बहीण होते.

या सरबताला इथे इतिहास आहे. १९३८ मध्ये ब्रिस्टलमधून रायबीना बाजारात आलं, नाव ‘रायबीस नायग्रम’ या झाडाच्या शास्त्रीय नावावरून. मग युद्ध पेटलं, संत्री येईनाशी झाली. ब्लॅककरंटमध्ये १०० ग्रॅमला १८० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व, म्हणून लोकांना ते लावायचा आग्रह झाला आणि लहान मुलांना याचं सिरप सरकारकडून वाटलं गेलं. तुमच्या झुडपांच्या मूळ मालकांनी ती का लावली असतील, याचं उत्तर कदाचित त्यांच्या आजीच्या बागेत असेल. अमेरिकेतले कुणी हे वाचत असतील तर त्यांना एक सूचना. तिथे पाइनच्या झाडांवरच्या एका तांबेरा रोगाला हे झुडूप आसरा देतं म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यावर बंदी आली. केंद्राची बंदी १९६६ मध्ये उठली, पण काही राज्यांत बंधनं अजून आहेत, लावण्याआधी राज्याच्या कृषी खात्याकडे विचारा.

बाकी प्रयोगांपैकी टिकलेले दोन. एक, घट्ट आटवलेला रस पूर्ण गार करून श्रीखंडात. वेलची-जायफळ काही नको, भांडतात. रस कोमट असताना घातलात तर चक्का फाटतो. दुसरा, चटणी: आमसुलाच्या चटणीच्या धर्तीवर, गूळ, जिरं, लाल तिखट, मीठ. थालीपिठाबरोबर उत्तम. नारळाच्या दुधातलं सार करून पाहिलं, चव बरी होती पण रंग सिमेंटचा आला. सोडा असलेल्या कशातही हे फळ घालू नका, त्याच कारणाने. आणि पानं फेकू नका, पोलिश आजोबा काकड्यांच्या खारवलेल्या लोणच्यात दर बरणीला तीन-चार कोवळी पानं घालायचे, काकडी कुरकुरीत राहते म्हणायचे. मी तेच लोणचं हिरव्या मिरचीचं करते.

राहता राहिल्या तुमच्या आई. फांदी पाठवू नका. एक तर परवाना आणि रोगमुक्ततेच्या दाखल्याशिवाय जिवंत रोप-काडी भारतात टपालाने पाठवणं बेकायदा आहे. आणि पोचली तरी जगून उपयोग नाही. या झाडाला हिवाळ्यात लांबलचक थंडी लागते, ७ अंशांखाली हजार-दीड हजार तासांच्या घरात, जुन्या जातींना त्याहून जास्त. इथेसुद्धा एखादा हिवाळा सौम्य गेला की डोळे अर्धवट फुटतात, म्हणूनच तर आता कमी थंडीत फळणाऱ्या जातींवर काम चाललंय. पुण्यात जानेवारीतल्या काही पहाटे १० अंशांवर आल्या म्हणून त्याला हिवाळा झाल्यासारखं वाटणार नाही. हिमालयात उंचावर याच्या रानटी भाऊबंद जाती आहेत, सह्याद्रीत नाहीत.

आईंना हेही सांगा की सुक्या मेव्याच्या दुकानात ‘ब्लॅक करंट’ म्हणून बरेचदा जे मिळतं ते बारीक काळं द्राक्ष असतं, वाळवलेलं. करंट हा शब्दच कोरिंथ या ग्रीक शहराच्या नावावरून त्या मनुक्यांसाठी आला आणि नंतर या झुडपाला चिकटला. आइस्क्रीममधला जांभळा स्वाद मात्र याच फळाच्या नावाचा. त्यांना गच्चीवर काळं, आंबट-गोड, हात रंगवणारं काही हवं असेल तर मोठ्या पिंपात करवंद लावायला सांगा. ऊन भरपूर, पाणी बेताचं, काटे सांभाळून छाटणी. डोंगरची काळी मैना कुंडीत डोंगराएवढी फळत नाही, पण फळते. त्यांनी लावलं तर मे महिन्यात मला कळवा. आणि तुमच्या डोळ्यांचे फोटो त्याआधी, या रविवारीच. म्हणजे झुडपाच्या.